मुखपृष्ठावरचे आणि तळाशी दडलेले

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय निवडणूक आयोगाने मतदान यंत्रावर लावल्या जाणाऱ्या मतपत्रिकेच्या मांडणीविषयी सुधारित सूचना जारी केल्या. उमेदवाराचे छायाचित्र यापुढे रंगीत असेल. छायाचित्राच्या जागेचा तीन-चतुर्थांश भाग चेहऱ्याने व्यापलेला असेल. अनुक्रमांक ठळक आणि ३० आकाराच्या टंकात छापले जातील. सर्व उमेदवारांची नावे एकाच वळणाच्या, एकाच आकाराच्या आणि सहज वाचता येतील अशा अक्षरांत असतील. बिहार विधानसभेच्या निवडणुकीपासून या सूचना अमलात आल्या. वृत्तपत्रांनी ही बातमी आतल्या पानावर दिली आणि त्यावर फारशी चर्चा झाली नाही. मला मात्र ती बातमी दोनदा वाचावीशी वाटली. अक्षराचा आकार आणि चेहऱ्याची चौकट यांचा मतदाराच्या निर्णयाशी संबंध असतो, हे देशातल्या सर्वांत मोठ्या निवडणूक यंत्रणेने इतक्या बारकाईने मान्य केल्याचा तो पुरावा होता.

ही दृष्टी आयोगाला नवी नाही. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे १९५१-५२ च्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. नाव वाचता न येणाऱ्या माणसाने उमेदवार निवडायचा कसा, हा प्रश्न त्यांनी मांडणीनेच सोडवला. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी आणि त्या पेटीवर त्याचे चिन्ह. २० लाखांहून अधिक पोलादी पेट्या त्यासाठी घडवाव्या लागल्या. पुढे १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभर एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का ही पद्धत आली. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवारांची छायाचित्रे आली, कारण एकाच नावाचे दोन-तीन अपक्ष उभे करून प्रतिस्पर्ध्याची मते फोडण्याची युक्ती सर्वत्र रूढ झाली होती. नाव तेच, चेहरा वेगळा, एवढे तरी मतदाराला दिसावे हा हेतू. मतदान यंत्रावर अंध मतदारांसाठी ब्रेल लिपीतील खुणा आहेत. थोडक्यात, मतदान कक्षाच्या आत मतदार गोंधळू नये यासाठी आपल्या व्यवस्थेने सात दशके विचार केला आहे आणि त्याचे श्रेय तिला मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

प्रश्न त्या कक्षाच्या बाहेरचा आहे. मतदानाच्या आठवडाभर आधी हाच मतदार हातातला मोबाईल उघडतो आणि आपल्या मतदारसंघातला उमेदवार कोण, त्याच्यावर खटले आहेत का, त्याच्या पक्षाने काय आश्वासन दिले आहे, पक्षाला पैसा कोण देतो, हे शोधू पाहतो, तेव्हा त्याच्यासमोर जे पान उघडते त्याच्या मांडणीचा विचार कोणी केला आहे? केला असेल तर कोणाच्या सोयीसाठी?

आधी एक कबुली द्यायला हवी. पक्षाचे संकेतस्थळ देखणे आहे म्हणून भारतात कोणी मत देत नाही. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत लालकृष्ण अडवाणी यांच्या नावाने त्या काळाच्या मानाने अत्यंत आधुनिक संकेतस्थळ उभे राहिले होते आणि त्याच्या जाहिराती महाजालावर जागोजागी झळकत होत्या. भाजपला त्या निवडणुकीत ११६ जागा मिळाल्या, काँग्रेसला २०६. उलट उदाहरण दहा वर्षांनंतरचे. ५ मार्च २०१९ रोजी भाजपच्या अधिकृत संकेतस्थळावर घुसखोरी झाली आणि ते दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिले. मतदानाचा पहिला टप्पा ११ एप्रिलला होता. ऐन प्रचारात देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचे दार बंद होते, तिथे फक्त ‘लवकरच परत येऊ’ अशा अर्थाची पाटी लटकत होती. त्या निवडणुकीत पक्षाने ३०३ जागा जिंकल्या. या दोन निकालांवरून कोणी म्हणेल की संकेतस्थळ हा विषयच गौण आहे. प्रचार सभेत, चौकात आणि आता व्हॉट्सअॅपवर होतो.

हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पक्षाचे संकेतस्थळ थेट वाचणारा मतदार थोडा असतो, हे खरे. पण ते वाचणारे काही लोक असतात आणि ते नगण्य नसतात: देणगीदार, कार्यकर्ता, तालुक्याचा वार्ताहर, प्रतिस्पर्धी पक्षाचा वकील, एखाद्या स्वयंसेवी संस्थेत काम करणारी तरुण मुलगी. मतदारापर्यंत माहिती यांच्याच हातून झिरपत जाते. यांच्यापैकी कोणासाठी पान सोपे केले आणि कोणासाठी अवघड, यावरून पुढे मतदाराच्या कानावर काय पडेल ते ठरते.

देणगीदारासाठी आणि कार्यकर्त्यासाठी पान सोपे करण्याची विद्या आता पूर्ण विकसित झाली आहे. तिचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. बराक ओबामा यांच्या पहिल्या अध्यक्षीय मोहिमेत त्यांच्या संकेतस्थळाच्या प्रवेशपानाच्या २४ वेगवेगळ्या रचना आलेल्या पाहुण्यांना आळीपाळीने दाखवण्यात आल्या. चित्रफीत हवी की कुटुंबाचे छायाचित्र, कळीवर ‘नोंदणी करा’ लिहावे की ‘अधिक जाणून घ्या’, एवढाच फरक. कुटुंबाचे छायाचित्र आणि ‘अधिक जाणून घ्या’ ही जोडी जिंकली आणि मूळ पानापेक्षा सुमारे ४० टक्के अधिक लोकांनी आपला ईमेल पत्ता दिला. मोहिमेतल्या मंडळींना स्वतःला चित्रफीत अधिक आवडली होती, हा त्यातला गमतीचा भाग. त्यानंतर कोणत्याही गंभीर मोहिमेने कळीचा रंग आणि मजकूर अंदाजावर सोडलेला नाही.

भारतात याच विद्येने देशी वळण घेतले. २०१४-१५ मध्ये भाजपने मिस्ड कॉलवर सदस्यनोंदणी सुरू केली. वापरणाऱ्याच्या सोयीचा विचार करता आपल्या राजकारणातला हा सर्वांत कल्पक शोध असावा. वाचता येण्याची गरज नाही, अर्ज भरण्याची गरज नाही, पैसे पडत नाहीत, इंटरनेटही नको. काही महिन्यांत पक्षाने जगातला सर्वांत मोठा पक्ष झाल्याचा दावा केला. आपण सदस्य कधी झालो हेच ठाऊक नसल्याच्या तक्रारीही आल्या. सदस्यत्व इतके सोपे केले की ते चुकूनही घडू शकते, हा त्या सोयीचाच दुसरा पैलू.

सोय आणि गैरसोय यांत किती थोडे अंतर असते याची एक आठवण अमेरिकेतलीच आहे. १९९६ च्या अध्यक्षीय वादचर्चेत बॉब डोल यांनी समारोपाच्या वेळी आपल्या संकेतस्थळाचा पत्ता देशाला सांगितला आणि त्यातला एक टिंब उच्चारायचे विसरले. तो काळ नवखेपणाचा होता, म्हणून लोकांनी हसून सोडून दिले. पण डिसेंबर २०२३ मध्ये काँग्रेसने ‘डोनेट फॉर देश’ ही लोकवर्गणीची मोहीम सुरू केली, पक्षाच्या १३८ वर्षांची आठवण म्हणून १३८ रुपये, १,३८० रुपये असे आकडे ठरवले, आणि मोहिमेच्या नावाशी जुळणारे संकेतस्थळाचे पत्ते मात्र आधी स्वतःकडे घेऊन ठेवले नाहीत. परिणामी मोहिमेचे नाव ऐकून ते ‘डॉट ऑर्ग’सह टाकणाऱ्या माणसाच्या पुढ्यात भाजपचे देणगीपान उघडत होते. शतकाहून जुन्या पक्षाला वर्षाकाठी काही हजार रुपयांचे पत्ते नोंदवण्याचे सुचू नये, ही संघटनेविषयीच बोलणारी गोष्ट होती. देणगी देणारा माणूस घाईत असतो. त्याला जे दार उघडे दिसते त्यातून तो आत जातो.

घाईत असलेल्या माणसाचा फायदा मुद्दाम घेता येतो, हे मात्र या प्रकारच्या फजितीपेक्षा गंभीर आहे. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांच्या मोहिमेच्या देणगीपानावर एक चौकोन आधीच खूण करून ठेवलेला असे. ती खूण देणगीदाराने स्वतः काढली नाही तर तीच रक्कम दर महिन्याला, पुढे तर दर आठवड्याला, त्याच्या खात्यातून वळती होई. चौकोनाशेजारचा खुलासा प्रचारकी मजकुराखाली दडलेला होता. अनेक वृद्धांना बँकेचे विवरण हाती आल्यावर कळले. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने एप्रिल २०२१ मध्ये हे प्रकरण उघडकीस आणले. २०२० या एका वर्षात ट्रम्प यांची मोहीम, त्यांचा पक्ष आणि दोघांची संयुक्त खाती यांना मिळून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत करावी लागली होती. त्यानंतर तिथल्या संघीय निवडणूक आयोगाने अशा आधीच खूण केलेल्या चौकोनांवर बंदी घालावी अशी शिफारस एकमताने केली.

आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशाच फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. १३ प्रकार त्यांत नोंदवले आहेत: खोटी घाई, न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी शब्दयोजना, बाहेर पडण्याची वाट न सापडणारे सदस्यत्व. विमानाचे तिकीट काढताना नकळत गळ्यात मारलेल्या विम्याला ही तत्त्वे लागू होतात. पक्षाला देणगी देणारा किंवा पक्षाचा सदस्य होणारा नागरिक मात्र ग्राहक नव्हे. पक्ष वस्तू विकत नाही. त्यामुळे हेच चौकोन, हीच घाई राजकीय पानावर आली तर तक्रार कोणाकडे करायची, याचे स्पष्ट उत्तर आपल्या कायद्यात नाही.

आतापर्यंत मी पक्षांना जे दाखवायचे आहे त्याविषयी बोललो. खरी कसोटी त्यांना जे दाखवावे लागते त्याची आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमेदवारांवरील प्रलंबित फौजदारी खटल्यांची माहिती पक्षांनी आपल्या संकेतस्थळावर टाकावी, असे सांगितले. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने त्यात भर घातली: अशा उमेदवाराची निवड का केली आणि खटले नसलेला दुसरा कोणी का मिळाला नाही, याची कारणे द्या, कारण केवळ ‘निवडून येण्याची क्षमता’ हे नसावे. त्यानंतर बिहार विधानसभेची निवडणूक झाली. पक्षांनी दिलेली कारणे ज्यांनी वाचली त्यांना ठाऊक आहे की अनेक उमेदवारांसाठी एकाच साच्यातली वाक्ये वापरली गेली होती: लोकप्रिय आहेत, समाजसेवक आहेत, खटले राजकीय सूडबुद्धीचे आहेत. १० ऑगस्ट २०२१ रोजी न्या. रोहिंटन नरीमन आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने ८ पक्षांना दंड ठोठावला. सहांना प्रत्येकी १ लाख रुपये, तर माकप आणि राष्ट्रवादी काँग्रेस या दोघांना प्रत्येकी ५ लाख. पक्षांच्या उलाढालीच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ. मात्र त्या निकालातला एक आदेश माझ्या मते दंडापेक्षा महत्त्वाचा आहे. न्यायालयाने सांगितले की ही माहिती संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर असली पाहिजे आणि त्या मुखपृष्ठावर ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले उमेदवार’ असा स्पष्ट मथळा हवा.

सर्वोच्च न्यायालयाला पक्षाच्या मुखपृष्ठाची रचना सांगावी लागली, यावर क्षणभर थांबायला हवे. माहिती ‘उपलब्ध’ करणे आणि ती ‘सापडेल’ अशी ठेवणे या दोन गोष्टींमधली फट न्यायमूर्तींना दिसली होती. मध्यंतरी मी एका दुपारी मोबाईलवर काही पक्षांची पाने चाळली. ‘देणगी द्या’ ही कळ प्रत्येक ठिकाणी वरच्या पट्टीत, ठळक रंगात, अंगठा सहज पोहोचेल अशा जागी. सदस्य व्हा, नेत्याचे भाषण पाहा, घोषणा इतरांना पाठवा, हेही एका स्पर्शाच्या अंतरावर. न्यायालयाने सांगितलेला मथळा शोधायला एका ठिकाणी पान तळापर्यंत खाली ढकलावे लागले. पुढे राज्य, मग निवडणूक, मग टप्पा, आणि शेवटी उघडलेल्या धारिकेत तिरक्या घेतलेल्या छायाप्रती, ज्या वाचायला मोबाईल आडवा धरूनही उपयोग होईना. आदेशाचे पालन झाले आहे, असे कोणीही प्रतिज्ञेवर सांगू शकेल. वाचले कोणी असेल, असे मी सांगू शकणार नाही.

सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे तंत्र ओळखीचे वाटते. निवडणूक निरीक्षक म्हणून एका राज्यात गेलो असताना निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे लावलेली पाहिली. नियमाप्रमाणे सगळी होती. फक्त प्रत्येक प्रतिज्ञापत्राची दहा-बारा पाने एकत्र टाचून, काचेच्या कपाटबंद फलकात, वर पहिले पान दिसेल अशी लावली होती. पहिल्या पानावर नाव, वडिलांचे नाव, पत्ता. खटले आणि मालमत्ता आतल्या पानांवर. काचेला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे होती तो कारकून प्रशिक्षणाला गेला होता. त्यात कोणाचा डाव नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. ज्याने ते लावले त्याला ‘लावणे’ एवढेच काम सांगितले होते.

डाव नसतानाही मांडणी निकाल फिरवू शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्लोरिडातल्या पाम बीच परगण्याचे. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथल्या अधिकाऱ्यांनी वृद्ध मतदारांना अक्षरे मोठी दिसावीत म्हणून उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि छिद्रे मधल्या पट्टीत ठेवली. डावीकडे दुसरे नाव अल गोर यांचे, पण मधल्या पट्टीतले दुसरे छिद्र उजवीकडच्या पॅट बुकॅनन यांचे. बुकॅनन यांना त्या परगण्यात ३,४०७ मते पडली, आणि १९ हजारांहून अधिक मतपत्रिका दोन छिद्रे पाडल्यामुळे बाद झाल्या. राज्याचा निकाल ५३७ मतांनी लागला. हेतू चांगला होता; अक्षरे खरोखरच मोठी झाली होती.

परत प्रतिज्ञापत्रांकडे येऊ. मे २००२ आणि मार्च २००३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी उमेदवाराचे खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क प्रस्थापित केला. नमुना २६ मधले प्रतिज्ञापत्र त्यातून आले. आयोग ही प्रतिज्ञापत्रे आपल्या संकेतस्थळावर टाकतो, आणि तत्परतेने टाकतो. पण ती कागदाची छायाचित्रे असतात. त्यांत शब्द शोधता येत नाही, दोन उमेदवारांची तुलना करता येत नाही, एकाच माणसाच्या पाच वर्षांपूर्वीच्या मालमत्तेशी आजची ताडून पाहता येत नाही. हे सगळे करता यावे म्हणून असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था आणि तिचे सहकारी प्रत्येक निवडणुकीत हजारो प्रतिज्ञापत्रे डोळ्यांनी वाचून त्यांतली माहिती हाताने पुन्हा नोंदवतात. २०२४ मध्ये निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी २५१ जणांनी स्वतःवर फौजदारी खटले असल्याचे जाहीर केले आहे, हा आकडा आपण सगळे वापरतो. तो आयोगाच्या पानावर एका स्पर्शात मिळत नाही. तो या फेरनोंदणीतून जन्मतो.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. ऑगस्ट २०२० मध्ये, करोनाच्या काळात, आयोगाने उमेदवारांना अर्ज आणि प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरण्याची सोय दिली. त्या सोयीत उमेदवार संगणकावर माहिती टंकतो, मग तिची छापील प्रत काढतो, नोटरीसमोर सही करतो आणि निर्णय अधिकाऱ्याला देतो. त्या कागदाचे पुन्हा छायाचित्र निघते आणि तेच मतदारासमोर येते. म्हणजे शोधता येण्याजोगा मजकूर एका टप्प्यावर यंत्रणेत असतो आणि मतदारापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे चित्र होते. पुढे कोणी स्वयंसेवक ते चित्र पाहून तोच मजकूर पुन्हा टंकतो. अंध मतदाराची अवस्था तर विचारूच नका. मतदान यंत्रावर त्याच्या बोटांसाठी ब्रेल आहे; पण त्याच्या मोबाईलमधला वाचक-आवाज छायाचित्रासमोर मुका होतो. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी म्हटले. ते प्रकरण बँकांच्या ग्राहक-ओळख प्रक्रियेसंबंधी होते, तरी त्यातला तर्क इथे लागू पडू नये असे कारण मला दिसत नाही.

यंत्राला वाचता येणारी माहिती देण्याविरुद्ध आयोगाचा एक युक्तिवाद आहे आणि तो मतदारयादीच्या संदर्भात वारंवार मांडला गेला आहे: गोपनीयता आणि दुरुपयोग. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातील याद्यांविषयी कमलनाथ यांनी केलेली शोधक्षम यादीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. मतदारयादीपुरता मी या युक्तिवादाला काही वजन देतो. सामान्य नागरिकाचे नाव, वय आणि घरक्रमांक यांचा साठा कोणालाही क्षणात उचलता यावा, हे भयावह आहे. पण उमेदवार सामान्य नागरिक नसतो. तो मत मागायला आलेला असतो, आणि त्याची माहिती सार्वजनिक असावी असा न्यायालयाचाच निर्णय आहे. यादीसाठी वापरलेली ढाल प्रतिज्ञापत्रापुढेही धरली जाते, तेव्हा संरक्षण नेमके कोणाचे होते, असा प्रश्न पडतो.

आणि यादीच्या बाबतीतही मधला मार्ग निघू शकतो, हे बिहारने दाखवले. विशेष सखोल पुनरीक्षणानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. कोणाची, कोणत्या कारणाने, हे शोधायला वाट नव्हती. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: वगळलेल्यांची मतदान केंद्रनिहाय यादी कारणांसह जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळांवर टाका, ओळखपत्राच्या क्रमांकावरून ती शोधता आली पाहिजे, आणि तीच यादी गावपातळीवरच्या कार्यालयांतही लावा. क्रमांक ज्याच्या हातात, त्याला त्याचे नाव सापडेल. साठा उचलणाऱ्याला तो सहज मिळणार नाही. पाटणा किंवा दिल्लीतल्या कोणत्याही अभियंत्याला हे एका दुपारी सुचले असते. त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी लागली.

निवडणूक रोख्यांच्या वेळी हेच घडले होते, अधिक मोठ्या प्रमाणावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने योजना घटनाबाह्य ठरवली आणि माहिती जाहीर करायला सांगितले. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली; खरेदी करणारे एका ठिकाणी आणि वटवणारे दुसऱ्या ठिकाणी नोंदलेले आहेत, २२,२१७ रोख्यांची जुळणी करणे किचकट आहे, असे कारण दिले. लोकसभेचा निकाल जूनमध्येच लागायचा होता. न्यायालयाने मुदत नाकारली. १४ मार्चला आयोगाच्या संकेतस्थळावर दोन याद्या आल्या: कोणी घेतले आणि कोणाला मिळाले. दोन्ही खऱ्या, दोन्ही पूर्ण वाटाव्यात अशा, आणि एकमेकींशी जोडणारा रोख्याचा क्रमांक मात्र दोन्हींत गाळलेला. न्यायालयाने पुन्हा कान उपटल्यावर २१ मार्चला क्रमांकांसह याद्या आल्या आणि पत्रकारांनी तासाभरात जुळणीला सुरुवात केली. एक रकाना, तेवढ्यावर कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले, हे मतदानाआधी कळणे किंवा न कळणे अवलंबून होते.

पक्षांच्या स्वतःच्या पानांना तर कोणतीच शिस्त बांधलेली नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती कितपत पाळली जातात हा वेगळा विषय, पण निदान आहेत. केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असा निर्णय दिला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे पक्ष तो निर्णय न पाळण्याबाबत मात्र एकत्र राहिले. तो अमलात आला असता तर त्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे न मागता माहिती मांडण्याचे बंधन त्यांच्यावर आले असते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणखी एक चिंता नोंदवतो, थोडी विषयाच्या कडेची. १९५२ चा जाहीरनामा आजही ग्रंथालयात सापडू शकतो, कारण तो कागदावर छापला होता. १९५४ च्या कायद्याने पुस्तकांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात देणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे. संकेतस्थळाला असे बंधन नाही. ब्रिटनमध्ये २०१३ साली कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने आपल्या संकेतस्थळावरून २००० ते २०१० या दशकातली भाषणे काढून टाकली आणि महाजालाच्या सार्वजनिक संग्रहालाही ती दाखवता येऊ नयेत अशी तांत्रिक व्यवस्था केली, तेव्हा तिथे गदारोळ झाला. आपल्याकडे आम आदमी पक्षाने २०१६ मध्ये आपल्या संकेतस्थळावरची देणगीदारांची यादी उतरवली, त्यावर काही दिवस चर्चा झाली आणि थांबली. ज्या पारदर्शकतेच्या बळावर पक्ष उभा राहिला होता तिचे पान असे उतरवता येते, कारण ते लावण्याची सक्ती कधी नव्हतीच.

२०२६ हे पश्चिम बंगाल, तामिळनाडू, केरळ, आसाम आणि पुदुच्चेरी इथल्या विधानसभा निवडणुकांचे वर्ष. अर्जासोबतची प्रतिज्ञापत्रे टंकलेल्या मजकुराच्या स्वरूपातही प्रसिद्ध करायला आयोगाला नवा कायदा लागत नाही. मतपत्रिकेची अक्षरे मोठी करण्यासाठी जो अधिकार वापरला तोच पुरेसा आहे. पक्षांनी भरायच्या प्रपत्र सी-७ चे, ज्यात खटले आणि निवडीची कारणे असतात, मतदारसंघानुसार शोधता येईल असे एकच पान आयोगाने स्वतः तयार करावे. म्हणजे पक्षाच्या तळाशी दडलेल्या दुव्यावर कोणाला अवलंबून राहावे लागणार नाही. ते पान बंगाली, तमिळ, मल्याळम आणि असमियात असावे आणि स्वस्त मोबाईलवर, मंद जोडणीवर उघडावे. उमेदवारी मागे घेण्याची मुदत आणि मतदान यांच्यामध्ये साधारण दोन आठवडे असतात. तालुक्याच्या वार्ताहराला वाचायला, विचारायला आणि छापायला तेवढाच वेळ मिळतो.